शेवाळावरची वाट

रोजच्या वळणावर, दुकान हाकेच्या अंतरावर असताना, त्याच्या पायाला मऊ लागलं. शहरातल्या पदपथावर पायाला मऊ लागायचं काही कारण नसतं. टाच टेकली की जमीन टणकपणे उलट ढकलते आणि माणूस खाली न बघता पुढे जातो. आज जमिनीनं ढकललं नाही. ती दबली, बुटाच्या कडेनं वर आली आणि पाऊल धरून बसली. "अहो काका! डोळे काय घरी ठेवून आलात?" उकिडवा बसलेला गवंडी थापी उगारून ओरडला. आडवी बांधलेली दोरी, कडेला रचलेल्या विटा, सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्याला दिसलं नव्हतं. समोरच्या न्हाव्याला असल्या वेळी गप्प बसवत नाही. तो दारात येऊन म्हणाला, "अरे, त्यांना काय बोलतोस? त्यांचंच तर चष्म्याचं दुकान आहे!" मग गवंडी हसला, न्हावी हसला, आणि हसण्यावारी नेण्यातच शहाणपण म्हणून तोही हसला. गवंड्यानं थापीचे दोन हात फिरवले, पावलाचा खड्डा बुजला. "ओलं होतं म्हणून निभावलं," तो म्हणाला. चष्मेवाला मात्र एक बूट जड, एक हलका अशा अवस्थेत तिथेच उभा राहिला. हा मऊपणा त्याच्या ओळखीचा होता, आणि ती ओळख पायाची नव्हती. ती तळहातांची होती. गाडीच्या स्टिअरिंगमधून ती त्याच्या हातांत कधीतरी येऊन बसली होती आणि आजच्या दिवशी उठायला तिला मुहूर्त सापडला होता.

आज दुपारी सुनावणी होती. शहरापासून दूर जे मोठं पठार होतं, सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही असं, त्यावर गाड्या जाऊ द्यायच्या की वाट कायमची बंद करायची, याचा निकाल आज लागायचा होता. गाडीवाल्यांचं मंडळ एका बाजूला, झाडपाला आणि पक्षी सांभाळणारे दुसऱ्या बाजूला. मंडळाच्या म्होरक्याला सगळे पिस्टन म्हणत. त्यानं सकाळी सकाळी फोन केला होता. "तू काही बोलू नकोस. तू फक्त ताईंना आण. पुढच्या रांगेत बसव, चाकाच्या खुर्चीसकट. त्यांना बघून कोणाची हिंमत होईल वाट बंद करायची? अरे, त्या माउलीनं आयुष्य घालवलंय त्या पठारावर, आणि आज तिला चालता येत नाही म्हणून तिला तिथे जायचीच बंदी? दगडालासुद्धा पाझर फुटेल." पिस्टनचं चूक काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ताईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, चालता येत नव्हतं. वर्षातून एकदा, पठार फुलतं तेव्हा, तो तिला गाडीनं वर नेई, आणि त्या एका दिवसावर ती पुढचं वर्ष काढी. वाट बंद झाली की ताईचं पठार संपलं. या एका गोष्टीसाठी तो मंडळात होता, या एका गोष्टीसाठी त्यानं आज दुपारी दुकान बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि ताईचं यावर काय म्हणणं आहे हे त्यानं अजून तिला विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र होतं. पाण्याची बारीक धार, फिरणारा दगड, त्यावर टेकलेली काच. काठ गोल होत जातो, आणि मनाचं म्हणाल तर ते मोकाट सुटतं. ताई त्याच्याहून इतकी मोठी की तो चालायला शिकला तेव्हा तिनं त्याला बोट दिलं, आणि आई गेल्यावर बाकीचंही सगळं तिनंच दिलं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठाय? माझं शेवाळ वाढायचंय अजून." पठारावरच्या शेवाळाचा अभ्यास हे तिचं काम होतं. लाकडाची एक चौकट जमिनीवर ठेवायची, गुडघ्यांवर बसायचं आणि चौकटीच्या आत काय काय आहे ते मोजायचं. पुढच्या वर्षी तिथेच, तीच चौकट, तेच गुडघे. लहानपणी तो तिच्याबरोबर जायचा तेव्हा त्याला ते वेडेपणाचं वाटे. नुसत्या हिरव्या गाद्या. वारा, धुकं आणि त्या गाद्या. एकदा तो एका गादीवर उडी मारायच्या बेतात होता आणि तिनं त्याची कॉलर धरून त्याला हवेतल्या हवेत मागे ओढलं होतं. "तुझ्या पंजोबांच्या अंगावर उडी मारशील का रे?" ती ओरडली होती. "ही त्यांच्या वयाची आहे. बस खाली. हात ठेव. हळू, छोट्या, हळू." त्यानं हात ठेवला होता. थंड, ओलं, आणि आतून एक मऊ नकार; म्हणजे दाबलं तर दबेल, पण दाबू नकोस असं सांगणारं. ती त्याला अजून छोट्या म्हणते. आता त्याचे केस पिकले, आणि दुकानात येणारी मुलं त्याला आजोबा म्हणायच्या बेतात आहेत.

गाडी त्यानं घेतली ती हौसेनं, ताईसाठी नव्हे. हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करायला कांकूं करी. चारही चाकांना जोर असलेली, उंच, रंग उडालेली गाडी. ताईनं तिचं नाव गेंडा ठेवलं होतं. "हा तुझा गेंडा माझ्या पठारावर आणलास तर दोघांनाही हाकलून देईन," ती म्हणायची. पण मंडळातली माणसं त्याला आवडली होती. आठवडाभर कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडे बघत जगणारी माणसं. रविवारी चिखलात उतरली की लहान होत. कोणाची गाडी रुतली तर बाकीचे दोर घेऊन धावत. कचरा मागे ठेवायचा नाही, हा नियम. आणि पठारावर गेलं की पुढच्याच्या चाकावर चाक, हा दुसरा नियम, कारण सगळे एकाच चाकोरीतून गेले तर बाकीची जमीन वाचते. हा दुसरा नियम ताईनंच, भांडून भांडून, पिस्टनच्या गळी उतरवला होता. मग तिचे पाय गेले. एकदम नाही, आधी अडखळली, मग काठी आली, मग खुर्ची, आणि तिच्या पाठीच्या कण्यात काहीतरी असं झालं की साधा धक्कासुद्धा तिला सोसेना. त्या वर्षी फुलांच्या दिवसांत ती खिडकीशी बसून होती. तो जेवण घेऊन गेला होता. भिंतीला सांगावं तसं ती म्हणाली, "तुझा गेंडा धड आहे का रे?" त्याला इतका आनंद झाला होता की त्याची त्याला लाज वाटली.

दुकानात गिऱ्हाईक आलं. एका बाईंनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, आरशात पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "दिसतंय हो, पण जरा जास्तच दिसतंय." सवय होईल, असं तो म्हणाला. रोज हेच म्हणतो. बाई गेल्यावर तो पुन्हा मागे येऊन बसला, पण यंत्र सुरू करावंसं वाटेना. ते पहिलं वर्ष. पठारावरची चाकोरी गाड्यांनी खोल होत गेली होती, माती वाहून गेली होती आणि खालचे दगड वर आले होते. एकेका दगडावरून गेंडा उतरला की शेजारी बसलेली ताई 'हं' करी. ओरडत नव्हती. तिचं सगळं आयुष्य न ओरडण्यात गेलेलं. डोळे मिटून, पदराचा बोळा तोंडाशी धरून, प्रत्येक धक्क्याला नुसतं 'हं'. ते 'हं' त्याच्या काळजात रुतायला लागलं. वर अजून तसाच चढ होता. परत फिरू का, असं त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा दगड, पुन्हा 'हं'. आणि मग मोठ्या काळ्या खडकाजवळ त्यानं स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवलं. जरासंच. चाकोरीच्या बाहेर हिरवं, सपाट, गोल चढत गेलेलं होतं. धक्के थांबले. गाडी पाण्यावरून जावी तशी जायला लागली. त्याच्या तळहातांना तो मऊपणा जाणवला, ओळखीचा, आणि त्याच क्षणी शेजारचं 'हं' बंद झालं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, चेहरा सैल झाला होता. तिला झोप लागली असं त्यानं मानलं. असं मानणं सोयीचं होतं. वर पोचल्यावर ती फुलांकडे अशी बघत राहिली की तो गाडीच्या मागे जाऊन रडला.

पुढच्या रविवारी मंडळाच्या गाड्या गेल्या, त्यांना हिरव्यावर दोन ताजे पट्टे दिसले. पुढच्याच्या चाकावर चाक. नियम तो नियम. "चष्मेवाल्यानं काय झकास वाट काढलीय!" पिस्टन म्हणाला, आणि ती वाट ताईंसाठी काढली हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंच नाव ठेवलं, 'ताईची वाट'. प्रेमानं ठेवलं; त्यात तिळमात्र खोट नव्हती. फोनमधल्या नकाशात ते नाव गेलं, आणि एकदा नकाशात गेलेलं नाव बाहेर येत नाही. दुसऱ्या वर्षी दोन पट्टे तपकिरी झाले. मग त्यांचा मिळून एक झाला. पाणी साचलं की माणसं अजून थोडी बाजूला सरकत, आणि वाट रुंद होत होत रस्त्याएवढी झाली. जुनी चाकोरी ओढ्यासारखी खचून गेली, तिथून आता बैलसुद्धा गेला नसता. दर वर्षी तो ताईला घेऊन त्या तपकिरी पट्ट्यावरून, त्याच्या कडेच्या शिल्लक हिरव्यावरून जाई. ती खिडकीतून बघे. बोलत काहीच नसे. हे सगळं गाड्यांनी केलं असं तिला वाटतंय, असं त्यानं धरलं होतं. गाड्यांनी, म्हणजे इतर गाड्यांनी.

दुपारी तो तिच्या घरी गेला तेव्हा ती तयार होऊन बसली होती. खोलीत पुस्तकं, खिडकी, पलंग आणि पलंगाखाली ती लाकडी चौकट. केस विंचरून घट्ट बांधलेले. "बुटाला काय लावून घेतलंस?" तिनं आधी तेच विचारलं. सिमेंट, तो म्हणाला. "लक्ष नसतं तुझं." तो खाली बसून तिच्या पायांवर शाल नीट करू लागला, कारण त्यामुळे तिच्याकडे बघावं लागत नव्हतं. "ताई, आज तिथे तू काय बोलणार आहेस?" शेवटी त्यानं विचारलं. "बोलायलाच हवं का?" ती म्हणाली. "पिस्टन म्हणतो, तू नुसती बसलीस तरी पुरे." "हो ना, माझं बसणं आता चांगलंच जमलंय." ती हसली, तोही हसला, आणि बोलणं तिथेच राहिलं. खुर्ची लिफ्टमध्ये घेताना त्याला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. लिफ्ट खाली पोचली. शेजारच्या बाई भेटल्या, त्यांनी तब्येतीची चौकशी केली, आणि मग गाडीत ताईला उचलून बसवायचं होतं, त्यात जपून बोलायला कुठे जमतं. माणसाला टाळायचंच असलं तर निमित्तांना तोटा नसतो.

सुनावणीच्या दालनात माणसं दाटीवाटीनं बसली होती. पिस्टननं पुढची जागा राखून ठेवली होती. ताईला बघून तो उठला आणि वाकून तिच्या पाया पडला, आणि त्यात नाटक नव्हतं. अधिकारी बाई शांत होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. (फ्रेम सैल झालीय, घट्ट करायला हवी, हे त्याच्या मनात आलंच.) भिंतीवर पठाराचा नकाशा लावला. बाई काठीनं दाखवू लागल्या. "ही मूळ वाट, आता वापरात नाही. आणि ही दुसरी, जिच्यामुळे जुनं शेवाळ सर्वांत जास्त गेलंय. गाडीवाल्यांमध्ये हिला म्हणतात," त्यांनी चष्मा वर सरकवला, "ताईची वाट." दालनात काही खास घडलं नाही. कोणी खोकलं. त्याचे हात मात्र खुर्चीच्या मुठींवर गेले. खुर्चीतून हळू आवाज आला, "छोट्या, ही ताई कोण रे?" खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती त्याला दिसतही होती. "तू," तो म्हणाला. ती नकाशाकडे बघत राहिली. डोंगरमाथ्यांना, झऱ्यांना माणसांची नावं देतात तेव्हा त्या माणसांना किती बरं वाटत असेल, आणि ताईच्या वाट्याला हा तपकिरी पट्टा आला. त्याला तिथून उठून पळावंसं वाटलं. खुर्चीच्या मुठी त्याच्या हातात होत्या म्हणून तो राहिला.

"मला बोलायचंय," ताई म्हणाली. पिस्टननं मागे वळून सगळ्यांना गप्प केलं. "ती ताई मी," ती म्हणाली. "ती वाट माझ्यासाठी पडली. माझ्या पाठीला धक्के सोसत नव्हते म्हणून माझ्या भावानं गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं मला झोप लागली." ती थांबली. "धक्के थांबले तेव्हाच मला कळलं आपण कशावर आहोत. मी त्या गाद्यांवर तळहात ठेवून म्हातारी झालेय, मला नाही कळणार? मी 'थांब' म्हणू शकत होते. म्हटलं नाही. दुखायचं थांबलं होतं हो. इतकं बरं वाटत होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुढच्या वर्षीही गप्प बसले, त्याच्या पुढच्याही. गाडीवाल्यांना दोष देऊ नका. वाट बंद करा. मी गप्प बसले म्हणून जेवढं गेलं तेवढं पुरे झालं." पिस्टन खाली मान घालून बसला होता, त्याचे मोठाले हात गुडघ्यांवर. चष्मेवाल्याला आपण काय काय ओझं वाहत होतो ते कळलं, आणि ते ताईही शेजारी बसून तितकंच वाहत होती हे कळलं, आणि त्याला तिचा फार कळवळा आला.

अधिकारी बाईंनाही ते लागलं असावं. त्यांनी कागद बाजूला सारले. "वाट बंद करायची तर करता येईल," त्या म्हणाल्या, "पण नियमात एक सोय आहे. ज्यांना चालता येत नाही अशा व्यक्तींसाठी, एका गाडीला, वर्षातून एक फेरी करायची परवानगी मी देऊ शकते. ताईंना ती द्यायला माझी काहीच हरकत नाही." दालनात एकदम सुस्कारा सुटला. पलीकडच्या रांगेतल्या शेवाळवाल्यांनीसुद्धा माना हलवल्या. "सुंठीवाचून खोकला गेला!" पिस्टन म्हणाला, आणि स्वतःचा मुद्दा हरल्याचं विसरून टाळ्या वाजवायला लागला. तिचे हात शालीखाली गेले. बाईंनी विचारलं, "ताई, चालेल ना?" ताईनं नकाशाकडे पाहिलं. "मला नका विचारू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकाएकी लहान मुलीचा झाला होता. "याला विचारा. गाडी हा चालवतो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हो म्हणायला फक्त तोंड उघडायचं होतं. एक फेरी. एक गाडी. तो किती हळू चालवेल. पण जुन्या चाकोरीतून आता जाता येणार नव्हतं, आणि तपकिरी पट्टाही खचत चालला होता. पुन्हा जरासं बाजूला, शिल्लक हिरव्यावर, पुन्हा तो मऊपणा हातांना, दर वर्षी, ताई शेजारी डोळे मिटून बसलेली, आणि दोघांनाही ठाऊक असलेलं की ती झोपलेली नाही. त्याला वाटलं, तिनं मुद्दाम आपल्यावर सोपवलं. तिला नाही म्हणवत नाही, म्हणून ती माझ्या तोंडून म्हणवतेय. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे काहीतरी मागत होती, आणि ते त्याला ओळखता आलं होतं, याचा त्याला दुःखातसुद्धा अभिमान वाटला. "नको," तो म्हणाला. "परवानगी नको. वाट पूर्णच बंद करा." बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, नीट विचार केलात ना. हो, तो म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं.

बाहेरच्या लांब बोळातून तो खुर्ची ढकलत निघाला. तिला बरं वाटलं असेल, मोकळं वाटलं असेल, असं तो मनाशी म्हणत होता, आणि तिनं तसं म्हणावं म्हणून वाट बघत होता. उतार जिथे सुरू होतो तिथे तिनं चाकावर हात ठेवला. खुर्ची थांबली. तो पुढे येऊन वाकला. तिचा चेहरा ओला होता आणि ती पुसत नव्हती.

"तू हो म्हणाला असतास ना," ती म्हणाली, "तर मी आले असते, छोट्या."

रागानं म्हणाली नाही. आहे ते सांगावं तसं सांगितलं. तो तिच्या पायांशी वाकलेलाच राहिला, शालीचं टोक हातात धरून. मागून माणसं दालनाबाहेर पडत होती, पिस्टनचा आवाज जवळ येत होता.

"चल, ढकल आता," ताई म्हणाली. "वाटेत नको उभा राहूस."